मिलीच्या हाती लॉलीपॉप

जेमतेम दोन मिनिटांचं गाणं आहे, "माय बॉय लॉलीपॉप". नावावरून आठवणार नाही कदाचित, पण कुणी लावलं की बरेच जण म्हणतात अरे हे होय, हे ऐकलंय कुठेतरी. ठेका उलटा आहे, म्हणजे आपण जिथे पाय आपटतो त्याच्या मधल्या रिकाम्या जागेत गिटार खटखटत राहतं, मध्येच एक माउथ ऑर्गन येऊन जातो, आणि या सगळ्याच्या वर एका पोरीचा आवाज, शिट्टीसारखा उंच, किंचित नाकातला, जत्रेत पिपाणीवाला गर्दीतून वाट काढतो ना तसा बाकी सगळ्यांना बाजूला सारून पुढे येणारा. मिली स्मॉल. जमैकाची. १९६४ साली लंडनमध्ये हे रेकॉर्ड केलं तेव्हा वय सोळा-सतरा. ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं, अमेरिकेत दोन नंबरला गेलं, जगभरात मिळून साठ-सत्तर लाख रेकॉर्ड्स खपल्या असं सांगतात. जमैकाचं स्का म्युझिक बाहेरच्या जगाला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं ते या पोरीमुळे, तेव्हा बॉब मार्ली हे नाव जमैकाबाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं.

आणि २०१६ साली एका अमेरिकन म्युझिक मॅगझिनला इंटरव्ह्यू देताना मिलीने सांगितलं की या गाण्याची रॉयल्टी म्हणून मला कधी काही मिळालंच नाही.

बावन्न वर्षं झाली होती तेव्हा गाण्याला.

आपल्याकडे लॉलीपॉप दिला म्हणजे काय ते सांगायला नको. तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे घोळ नको. गाणाऱ्याचा स्वतःच्या रेकॉर्डिंगमधला वाटा हा असा हक्क पाहिजे की तो त्याने शुद्धीत राहून, आनंदाने, फुलस्केप कागदावर सही करून दिला तरी जाता कामा नये. विकता येऊ नये, सोडता येऊ नये, फक्त वारसांकडे जावा. हे ऐकायला विचित्र वाटतं, माझी वस्तू मी विकीन नाहीतर फुकट देईन तुम्ही कोण, असं कुणीही म्हणेल. म्हणून मिलीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सही कोण करतं, कधी करतं आणि टेबलाच्या पलीकडे कोण बसलेलं असतं हे तिच्या गोष्टीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

जमैकाच्या क्लॅरेंडन भागातलं जिब्राल्टर नावाचं गाव. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. बारा भावंडांतली ही एक. त्या काळात जमैकात व्हिअर जॉन्स नावाच्या माणसाची 'ऑपॉर्च्युनिटी अवर' म्हणून टॅलेंट स्पर्धा असायची, थेटरात भरायची, पब्लिकच्या टाळ्यांवर निकाल, आजच्या आपल्या रिॲलिटी शोची आजीच म्हणा. मिली बारा वर्षांची असताना माँटेगो बेच्या पॅलेडियम थेटरात त्यात उतरली आणि गाजली. मग किंग्स्टनला नातेवाइकांकडे राहायला, मग कॉक्सन डॉड या निर्मात्याच्या 'स्टुडिओ वन'साठी ओवेन ग्रेबरोबर, नंतर रॉय पँटनबरोबर द्वंद्वगीतं. 'रॉय अँड मिली' ही जोडी तिथे चांगली चालली. हे सगळं होईपर्यंत पोरगी पंधरा-सोळाची.

आता इथे ख्रिस ब्लॅकवेल येतो. खानदानी श्रीमंत गोरा माणूस, जमैकात वाढलेला, १९५९ मध्ये त्याने तिथे आयलंड रेकॉर्ड्स काढली आणि १९६२ मध्ये, म्हणजे जमैका स्वतंत्र झाला त्याच वर्षी, धंदा लंडनला हलवला. मिनी कूपर गाडीत रेकॉर्ड्स भरून जमैकन वस्तीतल्या दुकानांना तो स्वतः पोचवायचा, माणूस मेहनती होता यात वाद नाही. मिलीचा आवाज त्याला आवडला आणि १९६३ च्या शेवटी त्याने तिला लंडनला, फॉरेस्ट हिलला आणलं. डान्सचे क्लास लावले, उच्चारांचे क्लास लावले (आवाज जमैकाचा हवा होता, बोलणं मात्र नको होतं, असो). मुलगी अल्पवयीन होती म्हणून तो तिचा कायदेशीर पालक झाला. मॅनेजरही तोच. आणि रेकॉर्ड काढणाराही तोच.

हे तीन शब्द परत वाचा. पालक, मॅनेजर, निर्माता. पालकाचं काम मुलीचं हित बघणं, मॅनेजरचं काम निर्मात्याशी भांडून जास्त पैसे काढणं, निर्मात्याचं काम कमी पैशात रेकॉर्ड करणं. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस, मग भांडणार कोण कोणाशी? ब्लॅकवेल खलनायक होता असं मी म्हणत नाहीये, मला तसं वाटतही नाही. पण माणूस देवासारखा असला तरी ही रचनाच अशी आहे की मुलीच्या बाजूने टेबलावर कुणीच बसलेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोघांची राजीखुशी असं कायदा समजतो. इथे दुसरा होता कुठे?

गाणं खरं तर मिलीचं नव्हतंच, आधीचं होतं. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये बार्बी गे नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीने ते गायलं होतं, फार गाजलं नाही. लिहिलं रॉबर्ट स्पेन्सरने, पण श्रेयाच्या जागी मॉरिस लेव्हीचं नाव लागलं, दुसऱ्यांच्या गाण्यांवर स्वतःचं नाव लावण्याबद्दल हा गृहस्थ अमेरिकेत प्रसिद्ध आहे. म्हणजे लॉलीपॉप आधीच उष्टा झालेला. ब्लॅकवेलला ते गाणं मिलीसाठी योग्य वाटलं, जमैकाचा गिटारवाला अर्नेस्ट रँग्लिन याने त्याला स्काच्या ठेक्यात बसवलं, आणि मग ते उडालं. इतकं उडालं की आयलंडसारख्या छोट्या कंपनीला रेकॉर्ड्स छापून पुरवणं झेपणार नव्हतं, छापखान्याला पैसे आधी द्यायचे आणि दुकानदार देणार महिन्यांनी, ही तर कुठल्याही छोट्या धंद्याची रड. म्हणून ब्लॅकवेलने ते फिलिप्सच्या फोंटाना लेबलला दिलं. पुढे जी आयलंड एवढी मोठी झाली तिला मोठ्या जगात पाय रोवायला जागा या दोन मिनिटांनी करून दिली.

काही लोक इथेच हात वर करतात. गाणं तिने लिहिलं नाही, चाल तिची नाही, संगीत-संयोजन रँग्लिनचं, पैसा ब्लॅकवेलचा, मग हिचा वाटा कसला? ठरलेले पैसे घेतले, गायली, विषय संपला. याला माझं उत्तर एवढंच की १९५६ चं रेकॉर्ड लावा आणि १९६४ चं लावा. तेच शब्द, तीच चाल. आठ वर्षांत बदललं काय? ठेका आणि गळा. ठेक्यासाठी रँग्लिनलाही वाटा मिळायला हवा हे मला मान्यच आहे, उलट मी तर म्हणतो बाजावाल्यांनाही मिळायला हवा. (माउथ ऑर्गन रॉड स्टुअर्ट या पुढे गाजलेल्या गायकाने वाजवला अशी दंतकथा कितीतरी वर्षं फिरत होती, स्टुअर्टने स्वतः नाही म्हणून सांगितलं. खरा वाजवणारा कोण हे लोकांनी नंतर शोधत बसावं लागतं, यातच सगळं आलं.) पण लोक पैसे मोजून घरी काय नेत होते? कागदावरचे शब्द नाही नेत होते, तो आवाज नेत होते.

मग कायदा काय झोपला होता का? झोपला नव्हता, दुसऱ्याच्या बाजूने जागा होता. इंग्रजांचा १९११ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' कोण याची व्याख्या आहे: ज्या मूळ प्लेटवरून तबकडी निघते त्या प्लेटचा मालक. बस. गाणारा नाही, वाजवणारा नाही, प्लेटचा मालक. जमैकात हाच कायदा किती वर्षं चालला असेल? १९९३ पर्यंत. म्हणजे स्का आला, रॉकस्टेडी आला, रेगे आला, मार्ली आला आणि गेलासुद्धा, सगळं जग नाचलं, आणि या सगळ्या काळात त्या बेटावर गाणाऱ्याचा रेकॉर्डिंगवर कायद्याने काडीचा हक्क नव्हता. स्टुडिओत जायचं, गायचं, काही पौंड खिशात घालायचे, घरी यायचं. कॉपीराइटच्या पुस्तकात गवई आणि मजूर सारखेच.

हसू नका, तोच १९११ चा कायदा किरकोळ फेरफार करून १९१४ मध्ये आपल्यालाही लागू झाला होता, साहेब एकच होता शेवटी. आपण १९५७ मध्ये आपला स्वतःचा केला पण गाणाऱ्याला त्यात जागा नव्हतीच, परफॉर्मरचे हक्क आले १९९४ मध्ये आणि रॉयल्टीचा स्पष्ट हक्क यायला २०१२ उजाडलं. मिलीचं गाणं जगभर वाजत होतं त्याच साठच्या दशकात मुंबईत लतादीदी हेच भांडण भांडत होत्या, गायकाला रॉयल्टी पाहिजे म्हणून, आणि रफीसाहेबांचं म्हणणं होतं की गाण्याचे पैसे घेतले की आपला संबंध संपला. दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आपण तो किस्सा दोन मोठ्या माणसांच्या रुसव्याचा म्हणून सांगतो. मला तो रुसवा वाटत नाही. रफीसाहेब मनाने मोठे होते, म्हणून त्यांना हिशेब नको होता, पण हक्क मोठ्या मनाच्या माणसासाठी नसतो, ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय त्याच्यासाठी असतो. आणि लता मंगेशकर लता मंगेशकर होत्या म्हणून त्यांना मागता आलं, काहींकडून मिळवता आलं. कोरसमधल्या बाईने मागितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई उभी राहिली असती माइकसमोर.

माझ्या मावशीचं सांगतो. नव्वदच्या दशकात कॅसेटचा सुकाळ होता, तेव्हा एका छोट्या कंपनीने तिच्याकडून नवरात्रासाठी देवीची आठ गाणी एका दिवसात गाऊन घेतली. अकराशे रुपये, एक साडी आणि दुपारचं जेवण. सही कशावर केली तर स्टॅम्प पेपरवर, वर काय लिहिलं होतं ते तिने वाचलं नाही, वाचायला दिलंही नसेल. ती गाणी आता यूट्यूबवर कुणीतरी देवीचा फोटो लावून टाकलीत, नवरात्रात आमच्याच गल्लीच्या मांडवात वाजतात, नावाच्या जागी 'विविध गायिका' असं आहे. मी तणतणलो तर मावशी म्हणते, अरे दिले होते ना त्यांनी पैसे, तुझं काय जातंय. तिची तक्रार वेगळीच आहे, तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास तुटलाय आणि तो त्या मेल्यांनी परत घेऊ न देता तसाच ठेवला.

मिलीचंही काहीसं असंच. तीही रडली नाही. १९८७ मध्ये लंडनच्या टीव्हीवर बातमी आली होती की मिली स्मॉल कफल्लक आहे, लहान मुलीला घेऊन एका यूथ हॉस्टेलमध्ये राहतेय. नंतर त्या दिवसांबद्दल बोलताना तिचा सूर असा की तोही अनुभवच, मी निवडलेला. यावरून काही जण म्हणतात बघा तिलाच काही वाटत नाही तर तुम्ही का छाती बडवताय. पण माणसाने रडूनओरडून दाखवलं तरच त्याचं देणं लागतं असा कुठला हिशेब आहे? वाण्याची उधारी तो मागायला लाजतो म्हणून बुडत नाही. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, ब्लॅकवेलने आयलंड कंपनी पॉलीग्राम या मोठ्या रेकॉर्ड कंपनीला विकली, आकडा सांगतात तीस कोटी डॉलरच्या आसपास. मी या दोन गोष्टी फक्त शेजारी ठेवतोय.

ब्लॅकवेलबद्दल अजून एक सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. गाणं हिट झाल्यावर तो मिलीला घेऊन जगभर फिरला आणि मग तिच्या घरी, जमैकाला, घेऊन गेला. त्याने स्वतःच सांगितलंय, मिलीची आई पुढे आली आणि पोटच्या पोरीसमोर झुकली, मडमेसमोर झुकावं तशी. पोटच्या पोरीला! त्याला तिथे चरचरलं, आपण हे काय करून बसलो असं वाटलं, आणि असल्या एकाच हिटच्या मागे धावण्यातून त्याचं मन उडालं, पुढे तो लांब पल्ल्याच्या कलाकारांकडे वळला. प्रामाणिक आठवण आहे. पण मजा बघा, त्या प्रसंगातून धडा त्याला मिळाला आणि त्याचा फायदा पुढच्यांना झाला. पश्चात्ताप चांगलाच, पण तो महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होत नाही.

मिली नुसती लॉलीपॉपवाली नव्हती हेही इथे सांगून ठेवतो, कारण ते कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये इनॉक पॉवेल नावाच्या पुढाऱ्याने १९६८ मध्ये बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं होतं, त्याच्या नावावर कोटी करून मिलीने १९७० मध्ये 'इनॉक पॉवर' नावाचं गाणं काढलं. वेम्ब्लीच्या कॅरिबियन म्युझिक फेस्टिव्हलमध्ये ते गायली तेव्हा पब्लिकने डोक्यावर घेतलं. कामावर जाणाऱ्या, टोमणे खाणाऱ्या, शनिवारी रात्री नाचायला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी गायलेलं गाणं. ते एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. पुढे ती काही वर्षं सिंगापूरला राहिली, मग हळूहळू नजरेआड झाली. २०११ मध्ये जमैका सरकारने तिला ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन दिला, तिच्या वतीने माजी पंतप्रधान एडवर्ड सीगा यांनी स्वीकारला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तिचं गाणं वाजलं, जगाने ऐकलं. ५ मे २०२० ला लंडनमध्ये गेली ती. शाल, श्रीफळ आणि मानपत्र ही पद्धत फक्त आपलीच आहे असं मला वाटायचं.

आता उपायाचं. उपाय नवीन नाहीये, अर्धवट अंमलात आहे आणि तेच दुखणं आहे. १९६१ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय करार झाला, रेकॉर्ड रेडिओवर वाजली तर योग्य मोबदला द्यायचा असं त्यात कलम १२ मध्ये आहे. कुणाला द्यायचा? कलाकाराला, किंवा निर्मात्याला, किंवा दोघांना. तो 'किंवा' बघा. त्या 'किंवा'मध्ये कितीतरी गाणारे गेले. हा करार अमलात आला १८ मे १९६४ ला, अगदी मिलीचं गाणं गाजत होतं तेव्हाच. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये नियम आला की सार्वजनिक ठिकाणी किंवा रेडिओवर रेकॉर्ड वाजली तर कलाकाराला थेट वाटा, आणि हा वाटा कलाकारांच्या वतीने पैसे वसूल करणाऱ्या सोसायटीशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येणार नाही. म्हणजे मी वर जे 'विचित्र' म्हणालो ते तिथे कायद्यात आहेच, जग बुडालं नाही, रेकॉर्ड कंपन्याही बुडाल्या नाहीत. आपल्या २०१२ च्या दुरुस्तीतही गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असाच बांधून टाकलाय, फक्त वारस किंवा सोसायटीलाच देता येतो. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते, आठवत असेल.

पण लोक आता रेडिओ ऐकतात कुठे? स्ट्रीमिंग आलं, आणि ब्रिटनमध्ये स्ट्रीमिंगला हा १९९६ चा नियम लागू होत नाही, तिथे जुनं कॉन्ट्रॅक्ट चालतं. साठ सालच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये टक्केवारी लिहिलेली असायची ती प्लॅस्टिकची तबकडी छापायची, ट्रकने पाठवायची, फुटली तर बदलून द्यायची असा सगळा खर्च धरून. आता ना तबकडी, ना ट्रक, ना फूट, टक्केवारी तीच. २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की स्ट्रीमिंगलाही तो हक्क लावा, सरकारने लावला नाही. स्पेनमध्ये तो आहे. म्हणजे जमतं.

दुसरा एक देखावा म्हणजे मुदतवाढ. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये रेकॉर्डिंगचा कॉपीराइट पन्नासवरून सत्तर वर्षं केला, कारण दिलं म्हाताऱ्या कलाकारांचं भलं. जमैकाने २०१५ मध्ये पंच्याण्णव केला. आता मुदत वाढली की फायदा कुणाचा, ज्याच्या नावावर प्लेट आहे त्याचा. मिलीचा वाटा शून्य असेल तर शून्याला सत्तरने गुणा नाहीतर पंच्याण्णवने. ब्रिटनच्या मुदतवाढीत एक गोष्ट मात्र मनापासून आवडली मला, पन्नास वर्षांनंतरच्या कमाईतला वीस टक्के भाग बाजूला काढून बाजावाल्यांना द्यायचा, आणि जुने ॲडव्हान्स वजा करत बसायचं नाही. हेच पहिल्या दिवसापासून का नको? पन्नास वर्षं थांबायचं म्हणजे बहुतेकांच्या तेराव्यालाच चेक येणार.

कंपनी रिस्क घेते, दहातली नऊ रेकॉर्ड्स पडतात, हा एक मुद्दा खरा आहे आणि मी तो झटकत नाही. पण रॉयल्टी म्हणजे विकल्या गेलेल्यातला वाटा, पडलेल्या नऊंवर गायक काही मागतच नाहीये. दुसरा मुद्दा असा की सोसायट्यांच्या वाटपात बडे गायक मलई खातात आणि माझ्या मावशीला वर्षाला एका साडीपुरतेही येणार नाहीत. हेही खरं असेल. येऊ देत कमी. 'विविध गायिका'च्या जागी तिचं नाव लिहावं लागेल ना त्या निमित्ताने, कारण नाव नसलेल्या माणसाला चेक पाठवता येत नाही.

ब्रिटनमधल्या सत्तर वर्षांच्या हिशेबाने १९६४ चं ते रेकॉर्डिंग २०३४ च्या डिसेंबरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. दुकानात, जाहिरातीत, कुणाच्या रीलमागे वाजत राहणार. मिलीची मुलगी, तीच हॉस्टेलमधली, आता मोठी झालीय आणि तीही गाते. म्युझिकच्या धंद्याचंही शिक्षण घेतलंय म्हणे तिने. पहिल्यांदा सही करायची वेळ आली तेव्हा बारीक टाइपातला मजकूर तिने किती वेळ वाचला असेल, आणि आई शेजारी बसली होती का, हे मला तिला विचारायला आवडलं असतं.